क्लबहाऊसमधली धूळ कोण झाडते?

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या गटावर आज मी एवढेच लिहिले, की कुंभारकामाच्या वर्गानंतर क्लबहाऊसमध्ये कोरडा झाडू मारू नये. लगेच उत्तर आले, "अहो, माती आहे ती, विष नव्हे." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि माझे डोके फिरले.

कळव्याला आमच्या चाळीत शेजारी एक काका राहत. चिनी मातीच्या वस्तूंच्या कारखान्यात ते भुकटी चाळण्याचे काम करीत. घरी आले, की काकू त्यांचा सदरा गॅलरीत झटकत. खोकला जडला तेव्हा सर्वांनी क्षयच धरला. औषधे झाली, खोकला हटला नाही. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा आजार, हे नाव फार उशिरा कळले.

वर्गातल्या या मातीत आणि ग्लेझच्या, म्हणजे भांड्यांना चकाकी देणाऱ्या लेपाच्या, भुकटीत स्फटिकरूप सिलिका असते. ओली असेपर्यंत ती त्रास देत नाही. वाळून तिची धूळ झाली, की डोळ्यांना न दिसणारे कण तासन्‌तास हवेत राहतात, फुप्फुसात खोलवर जातात आणि तेथे असे व्रण करतात, जे पुन्हा भरून येत नाहीत. अशा फुप्फुसांना क्षयही लवकर गाठतो, त्यामुळे काकांना नेमके काय काय झाले होते, कोण जाणे. कारखान्यातील कामगारांत सिलिकोसिसचा रुग्ण आढळल्यास डॉक्टरांनी सरकारला कळवणे कारखाना अधिनियम, १९४८ नेच बंधनकारक केले होते. म्हणे, विष नव्हे!

आठवड्यातून दोन तास माती मळणाऱ्या मुलांना हा आजार होणार नाही, हे मान्य. त्याला वर्षे लागतात. परंतु प्रत्येक वर्गानंतर पंखा चालू ठेवून वाळलेला चुरा झाडणाऱ्या ताईंची वर्षे कोण मोजतो? काकूंनी झटकलेल्या सदऱ्याची धूळही कोणी मोजली नव्हती.

ग्लेझच्या डब्यावर काय लिहिले आहे, हेही कोणी वाचलेले नाही. कमी तापमानाला वितळणाऱ्या काही ग्लेझमध्ये शिसे असते, लाल-केशरी रंगांत कॅडमियम असू शकते, आणि तशा वाटीत कोकमाचे सार ठेवले, की आंबटपणामुळे ते अन्नात उतरते. शिसेविरहित ग्लेझ मिळतात, हे खरे. मग डबा दाखवायला हरकत कसली?

शिकवणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. ती जीव ओतून शिकवते, आणि ती धूळ तिच्याही छातीत जाते. एन-९५ मास्क, ओले फडके आणि बादलीभर पाणी, एवढेच मागणे आहे.

दुपारी ताईंशी बोललो. त्या म्हणाल्या, "ओल्या फडक्याने पुसायला माझी ना नाही, दादा, पण लाद्यांवर डाग पडतात म्हणून बादली आत नेऊ देत नाहीत." हा नियम कोणी केला, ते समितीला लेखी विचारले आहे.