कळसूबाई केलं म्हणून गोरिला ट्रेक सोपा होत नाही

२०२३ साली मुंबईहून एन्टेबेला थेट विमान सुरू झालं, तेव्हापासून आपल्या भटक्या मंडळींच्या तोंडी युगांडाचं नाव वरचेवर येऊ लागलं आहे. त्यात गैर काहीच नाही. पण त्याच सुमारास एक मेसेज फिरायला लागला आणि तो मला आतापर्यंत चार वेगवेगळ्या ट्रेकिंग ग्रुपांवर आला. एका ग्रुपवर तर ज्यांनी पाठवला ते स्वतः मुंब्र्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

‘कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेल्यांनी गोरिला ट्रेकचं टेन्शन घेऊ नये, तो बागेतला फेरफटका आहे. आफ्रिकेत उकाडा, तेव्हा हाफ पँट आणि टी-शर्ट बास. पोर्टर घेऊ नका, ती लुबाडणूक आहे. पिवळ्या तापाची लस नावापुरती असते, कार्ड एजंट करून देतो. मे महिन्यात किंवा दिवाळीत मुलाबाळांसह जा, परमिट तिथे गेल्यावर मिळतं. गोरिला अंगावर आला तर आपणही छाती बडवायची, तो घाबरतो. सर्दी-खोकला असेल तर गोळी घ्या आणि गप्प बसा, कुणाला कळत नाही.’

मी स्वतः पंचवीस-तीस वर्षं सह्याद्रीत पाय घासले आहेत आणि युगांडातल्या बविंडीच्या जंगलात हा रानटी गोरिला बघायचा ट्रेक करूनही आलो आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं वाक्यच जास्त नडतं. सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाची छाती आणि पोटऱ्या तिथे टिकतात, हे कबूल. पण आपल्याकडे गड जागचा हलत नाही. पायथ्याच्या गावातून किती वाजता निघालं की किती वाजता माथ्यावर, हे ठरलेलं असतं. पावलांनी मळलेली वाट असते, चुकलंच तर पुढे एखादा बाण दिसतो. गोरिला मात्र रोज संध्याकाळी नव्या जागी पाना-फांद्यांचं घरटं करून झोपतात आणि सकाळी चरत पुढे सरकतात. पहाटे ट्रॅकर आदल्या दिवशीच्या जागेवर पोचतात, तिथून माग काढतात आणि वॉकीटॉकीवर आपल्या गाइडला दिशा कळवतात. त्यामुळे कुणाला अर्ध्या तासात गोरिला दिसतात, तर कुणाला सहा-सात तास चालावं लागतं. आम्हाला जायलाच साडेतीन तास लागले. शेवटच्या तासात वाट नावाची गोष्ट नव्हती. गाइड पंग्यानं, म्हणजे तिकडच्या कोयत्यानं, वेली तोडत पुढे, आणि आम्ही त्या तोडलेल्या वेलींच्या गादीवर. पाय जमिनीला टेकतच नाही. कारवीच्या रानात घसाऱ्यावरून उतरताना कारवी धरून आधार घ्यायची आपल्याला सवय असते. इथे हाताला जे लागेल ते धरलं की बोंबलायची वेळ येते, कारण खाजकुइलीची आठवण करून देणारी नेटल सगळीकडे.

उंचीचंही तसंच. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचा माथा. बविंडीचं जंगल साधारण ११६० पासून २६०७ मीटरपर्यंत चढतं, आणि रुहिजाच्या बाजूला तर तुम्ही मुक्कामालाच कळसूबाईच्या कितीतरी वर असता. शेजारच्या रवांडातही हा ट्रेक होतो, तिथे किनिगी गावाहून निघणाऱ्यांचं चालणं सुरूच अडीच हजार मीटरच्या आसपास होतं. शिवाय बविंडीतल्याच न्कुरिंगोसारख्या भागात आधी खोल उतरायचं आणि दमलेल्या पायांनी परतीला चढायचं, असा उलटा हिशोब असतो. राजगड पाली दरवाजानं चढून आलेल्याला हे गणित नवं वाटेल. तयारी करायची तर माथ्यांची यादी वाढवण्यापेक्षा दोन महिने दर रविवारी पाठीवर पाच-सहा किलो घेऊन आतकरवाडीनं सिंहगड चढा-उतरा, आणि शक्य असेल तर पावसात, चिखलात. गुडघ्यांना उतरायची सवय लागली पाहिजे. चढायची असतेच.

हाफ पँटबद्दल फार लिहावंसं वाटत नाही, नेटलनं पोटऱ्या एकदा भाजल्या की मेसेज आपोआप डिलीट होतो. विषुववृत्त जवळ आहे म्हणून उकाडा, हा भूगोल शाळेतला. उंचीवर सकाळी स्वेटर लागतो आणि पाऊस कधीही येतो. जाड फुल पँट, फुल बाह्या, पँटवरून चढवलेले लांब मोजे (सफारी मुंग्या एकदा आत शिरल्या की सगळ्यांसमोर पँट उतरवायची पाळी येते), बागकामाचे जाड हातमोजे आणि चांगला रेनकोट. बुटांबाबत एवढंच की आपले लाडके ॲक्शनचे बूट कातळावर नामी पकड धरतात, पण वेलींच्या गादीवर घोट्याला आधार देणारे उंच बूट बरे. आणि एक गोष्ट मेसेजात नाही, पण आपल्या मंडळींना सांगायलाच हवी: लष्करी छापाची पँट घरी ठेवा. आपल्याकडे निम्म्या ट्रेकरांकडे ती असते. युगांडात तो छाप लष्कराचा, सामान्य माणसानं घालायला कायद्यानं बंदी आहे.

पोर्टर म्हणजे लुबाडणूक, हे वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं. वीसेक डॉलरला एक स्थानिक तरुण दिवसभर तुमची सॅक वाहतो, ओढ्यात हात देतो, चिखलात मागून ढकलतो. ‘आमची सॅक आम्हीच वाहतो’ हा आपला बाणा सह्याद्रीत शोभतो. बविंडीच्या कडेची गावं या जंगलाला खेटून जगतात. गोरिला, हत्ती त्यांच्या शेतात शिरतात. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलात राहणाऱ्या बात्वा लोकांना बाहेर काढलं गेलं, आणि त्याची भरपाई आजही पुरेशी झालेली नाही. जंगल उभं राहण्यात गावाचा काही फायदा दिसला, तरच गाव ते उभं राहू देणार. पोर्टरची मजुरी हा त्या फायद्याचा सगळ्यात सरळ, हातात पडणारा भाग. ज्यांना चालणं अजिबात झेपणार नाही, त्यांच्यासाठी खुर्चीची डोलीही असते, अजिंठ्याला असते तशी. पोर्टर तिला गमतीनं हेलिकॉप्टर म्हणतात. भाडं भरपूर, पण सत्तरीतल्या आजी त्यात बसून गोरिला बघून आलेल्या मी पाहिल्या आहेत.

लसीचं कार्ड एजंटकडून करून घेण्याचा सल्ला देणाऱ्याला बहुधा परत यायचं नसावं. युगांडात शिरताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. आणि परत येताना मुंबई विमानतळावर ते बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. मात्र साठीच्या पुढच्यांनी ती पहिल्यांदाच घेताना, किंवा अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आपल्या ग्रुपांत साठीच्या पुढचेच जास्त, म्हणून हे ठासून सांगतो. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

परमिटचं थोडक्यात. युगांडात परदेशी माणसाला ८०० डॉलर, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या आसपास. रवांडात १५००. माणसांना सरावलेल्या गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ जण, फक्त एक तास. त्यामुळे गर्दीच्या हंगामात परमिट महिनोन्‌महिने आधी संपतात, ‘तिथे गेल्यावर’ वगैरे काही नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही, तेव्हा मुलाबाळांसह हा बेत तिथेच संपला. आणि आपल्या दोन्ही सुट्ट्या, मे आणि दिवाळी, तिकडच्या दोन्ही पावसाळ्यांत पडतात. मार्च ते मे मोठा पाऊस, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून नोव्हेंबरपर्यंत दुसरा. ट्रेक बारा महिने चालतो, पण जमलं तर जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा. ऑफिसात रजेचा अर्ज टाकायला लागेल, इलाज नाही.

आता छाती बडवण्याचं. पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर, सिल्व्हरबॅक, दीडशे किलोच्या वरचा असतो. तो छाती बडवतो तेव्हा दुसऱ्या नरांना आपला आकार ऐकवत असतो. त्याच्यापुढे माणसानं छाती बडवणं म्हणजे तालमीतल्या वस्तादाला नवख्यानं शड्डू ठोकून दाखवणं. सकाळी ब्रीफिंगला गाइड सांगतो ते अगदी उलटं असतं: तो धावत आला तरी पळायचं नाही, हळूच खाली बसायचं, नजर खाली, आणि गाइड सांगेल तेच करायचं. सरावलेल्या कुटुंबांतले नर बहुतेक वेळा नुसता धाक दाखवतात आणि थांबतात. आमच्याकडे त्यानं एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा पानं सोलायला लागला. सोबतचे बंदूकधारी रेंजर बघून पुष्कळ जणांना वाटतं की बंदुका गोरिलांसाठी आहेत. जंगलात हत्ती आहेत, त्यांना हवेत बार काढून पांगवायला त्या असतात.

शेवटचं वाक्य, गोळी घ्या आणि गप्प बसा. मेसेजातलं बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हे नाही.

बाकीच्या चुका तुमच्या अंगावर येतात. ही चूक त्यांच्या अंगावर जाते. आपल्याला होणारे श्वसनाचे आजार गोरिलांना होतात, आणि त्यांच्यात आपल्यासारखी प्रतिकारशक्ती नसते. २००९ मध्ये रवांडातल्या हिर्वा या कुटुंबात माणसाच्याच एका श्वसनविषाणूची साथ आली, त्यात एक मादी आणि एक पिल्लू गेलं. १९९६ मध्ये बविंडीत गोरिलांना खरूज झाली, केस झडले, एक पिल्लू मेलं. तेव्हा तिथे नुकत्याच रुजू झालेल्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी त्याचा माग काढला, तर संशय गेला तो शेतातल्या बुजगावण्यांवर घातलेल्या माणसांच्या जुन्या कपड्यांवर. गोरिला शेतात आले, कुतूहलानं कपडे हाताळले, बस्स. त्यातूनच गावाचं आरोग्य आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र बघण्याचं त्यांचं काम उभं राहिलं.

जगात पर्वतीय गोरिला उरले आहेत साधारण १०६३, ते दोनच ठिकाणी: बविंडी आणि युगांडा, रवांडा, काँगो यांच्या सीमेवरची विरुंगा पर्वतरांग. विरुंगात १९८१ च्या गणनेत अडीचशेच्या आसपास होते, २०१५-१६ मध्ये ६०४ भरले. वाढत आलेत, त्यात आपल्या परमिटच्या पैशाचा वाटा आहेच. पण पूर्ण जात एका मोठ्या कॉलेजच्या गॅदरिंगला मावेल, इतकीच. म्हणून अंतर पूर्वी सात मीटर होतं ते कोविडनंतर दहा केलं. म्हणून मास्क. म्हणून सॅक आणि डबे मागे पोर्टरांजवळ ठेवून जायचं, गोरिलांजवळ काही खायचं नाही, थुंकायचं नाही, आणि जंगलात शौचाची वेळ आलीच तर गाइडला सांगून खोल खड्डा करून पुरायचं. आमच्या तिखटामिठाच्या पुऱ्या परत वाटेवर आल्यावरच सुटल्या. पिल्लू स्वतःहून जवळ आलं तर आपणच मागे सरायचं. ते फार गोड असतं आणि मागे सरणं फार जड जातं, हेही खरं.

आमच्या गटातल्या एका काकांना बुहोमाला, म्हणजे बविंडीच्या कडेच्या आमच्या मुक्कामाच्या गावी, आदल्या रात्रीच शिंका सुरू झाल्या. सत्तर हजारांचं परमिट खिशात, वर्षभराची तयारी, सिंहगडाच्या किती तरी फेऱ्या. सकाळी ब्रीफिंगला गाइडनं विचारलं, कुणाला बरं नाही का? गोळी घेतलेली असल्यानं त्यांचा आवाजही बसलेला नव्हता. कुणाला कळलं नसतं, मेसेज म्हणतो ते खरंच आहे. त्यांनी हात वर केला आणि खुर्ची ओढून शेकोटीजवळ जाऊन बसले.

संध्याकाळी आम्ही चिखलानं माखून परतलो तेव्हा त्यांनी फोटो मागितले नाहीत. एवढंच विचारलं, ‘जायला किती वेळ लागला?’

‘साडेतीन तास.’

‘बरं झालं, गुडघे वाचले,’ म्हणाले, आणि रुमालात नाक शिंकरलं.