रायफल टपालाने पाठवण्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

अमेरिकेत शिकारीचा किंवा नेमबाजीचा छंद असलेल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: बंदूक टपालाने पाठवणे हा गुन्हा आहे, म्हणून ती खासगी कुरियरकडे द्यावी आणि पावतीवर ‘यंत्राचे सुटे भाग’ असे लिहावे; भेट म्हणून द्यायची असेल तर ती दुसऱ्या राज्यातील मित्राच्या घरी थेट पाठवता येते; खोक्यावर ठळक अक्षरांत बंदूक असल्याचे लिहिले म्हणजे ते जपून हाताळले जाते; सोबत काडतुसांचा एखादा डबा असला तरी हरकत नाही; आणि कडक केस असली की वेगळे पॅकिंग लागत नाही. यातील एकही विधान खरे नाही. काही विधाने तर अशी आहेत की, त्यांवर विसंबणारा माणूस सरळ फेडरल न्यायालयात उभा राहील. म्हणून प्रत्येकाचा समाचार घेणे आवश्यक वाटते.

टपालाने बंदूक पाठवणे हा गुन्हा आहे, ही समजूत कुठून आली असावी हे उघड आहे. अमेरिकन काँग्रेसने १९२७ साली टपालातून शस्त्रे पाठवण्यावर बंदी घालणारा कायदा केला, परंतु ती बंदी पिस्तूल, रिव्हॉल्व्हर अशा अंगावर लपवता येण्याजोग्या हत्यारांसाठी होती. रायफल आणि शॉटगन या लांब बंदुका सामान्य माणसाला अमेरिकेच्या टपाल खात्यातून पाठवता येतात. अट एवढीच की बंदूक रिकामी असावी, ज्याच्याकडे जाते आहे त्याला ती कायद्याने घेता येत असावी, आणि पार्सलचा मागोवा लागेल व पोच देताना सही घेतली जाईल अशीच सेवा निवडावी. नळी कापून आखूड केलेल्या, म्हणजे १६ इंचांहून कमी नळीच्या रायफली आणि १८ इंचांहून कमी नळीच्या शॉटगन, यांचा मामला पूर्णपणे वेगळा आहे. इथे त्यांच्याविषयी बोलत नाही.

उलट ज्या खासगी कुरियरचा सल्ला हा मजकूर देतो, तिथेच सामान्य माणसाला दार बंद आहे. यूपीएस आणि फेडएक्स या दोन्ही कंपन्या आज फक्त परवानाधारक (म्हणजे बंदुकीच्या धंद्याचा फेडरल परवाना असलेले) विक्रेते, उत्पादक अशांकडूनच, तेही आधी करार झालेला असेल तरच, बंदुका स्वीकारतात. अशा ठिकाणी ‘यंत्राचे सुटे भाग’ म्हणून बंदूक देणे ही कंपनीची फसवणूक आहे. खोके हरवले किंवा मोडले तर भरपाईचा प्रश्नच उरत नाही. शिवाय परवाना नसलेल्या व्यक्तीच्या नावे दुसऱ्या राज्यात बंदूक रवाना करताना वाहतूकदाराला लेखी सूचना द्यावी, असे फेडरल कायदाच सांगतो. तिथे खोटे लिहिणारा माणूस केवळ कंपनीचा नियम मोडत नाही.

भेटीबद्दलचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते सद्भावनेने वागणाऱ्या माणसाला गोत्यात आणते. १९६३ च्या मार्च महिन्यात ली हार्वी ओस्वाल्डने शिकागोच्या क्लाइन्स या दुकानातून खोट्या नावाने एक कार्कानो रायफल मागवली. जाहिरातीत तिची दुर्बिणीसकट किंमत १९.९५ डॉलर होती, आणि ती डॅलसच्या टपालपेटीच्या पत्त्यावर बिनबोभाट पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या रायफलीने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला. पुढे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने राज्याबाहेरच्या ग्राहकाच्या घरी बंदूक पाठवण्याचा तो मार्ग बंद केला. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातील परवाना नसलेल्या माणसाला बंदूक विकू नये, हस्तांतरित करू नये आणि देऊही नये, असे त्या कायद्याचे शब्द आहेत. यातला ‘देणे’ हा शब्द भेटीलाही लागू होतो. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली बंदूक आणि शिकार, नेमबाजी अशा कायदेशीर खेळापुरती तात्पुरती उसनी वा भाड्याने दिलेली बंदूक एवढेच अपवाद आहेत.

मग मित्राला रायफल द्यायची असेल तर काय करावे? ती त्याच्या गावातील परवानाधारक विक्रेत्याच्या नावे पाठवावी. पाठवण्यापूर्वी त्या विक्रेत्याशी बोलून त्याच्या परवान्याची प्रत मागवून घ्यावी. मित्राने दुकानात जाऊन अर्ज भरावा, पार्श्वभूमीची तपासणी व्हावी आणि मग बंदूक ताब्यात घ्यावी. दुरुस्तीसाठी मात्र कोणत्याही राज्यातील परवानाधारक कारागिराकडे किंवा उत्पादकाकडे ती थेट पाठवता येते, आणि दुरुस्त झाल्यावर तो ती तुमच्या घरी परत पाठवू शकतो. दुसऱ्या राज्यात शिकारीला जाताना स्वतःची रायफल स्वतःच्याच नावे, तिथल्या ओळखीच्या माणसाच्या मार्फत, पाठवण्याचीही सोय आहे. पण त्या माणसाने ते खोके उघडता कामा नये, ते मालकानेच उघडायचे असते. एकाच राज्यातील दोन रहिवाशांमध्ये फेडरल कायदा टपालाला आडकाठी करीत नाही, पण राज्याचा कायदा करू शकतो. कॅलिफोर्नियात तर शेजाऱ्याला विकलेली बंदूकही सर्वसाधारणपणे परवानाधारकाच्या हातूनच जावी लागते.

खोक्यावर ‘बंदूक’ असे लिहिण्याचा सल्ला देणाऱ्याने चोराचा विचार केलेला दिसत नाही. टपालाच्या नियमांनुसार बाहेरच्या वेष्टनावर आत काय आहे याची खूण असता कामा नये, आणि फेडरल कायदाही वाहतूकदाराला तसे लेबल लावण्याची सक्ती करू देत नाही. कंपनीचे नाव छापलेले मूळ खोकेही याच कारणासाठी टाळावे. परंतु वेष्टनावर न लिहिणे म्हणजे खिडकीवर लपवणे नव्हे. कारकुनाने विचारले तर आत रिकामी रायफल आहे, असे शांतपणे सांगावे. ती रिकामी असल्याची खात्री पटवण्यासाठी पोस्टमास्तर खोके उघडायला किंवा लेखी दाखला द्यायला सांगू शकतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. म्हणून शेवटची चिकटपट्टी सोबत घेऊन जाणे शहाणपणाचे.

काडतुसांविषयी फार लिहायला नको. अमेरिकेच्या टपालातून काडतुसे पाठवताच येत नाहीत. डबाभर नाही, एकही नाही, आणि काडतुसात भरायची दारू किंवा ती पेटवणारी टोपीही नाही. पण या मुद्द्याला जोडून जी गोष्ट त्या मजकुरात मुळीच नाही, ती सांगणे मला अत्यावश्यक वाटते. रायफल रिकामी आहे असे गृहीत धरू नये, ते पाहावे. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, आधी काढावे, मग बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढावा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, डोळ्याने पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे. हाच क्रम ठेवावा, कारण भरलेले मॅगझिन तसेच ठेवून बोल्ट मागेपुढे केला तर नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. नळीखाली लांब नळकांडी मॅगझिन असलेल्या जुन्या .२२ (लहान काडतुसाच्या) रायफलींत शेवटचे काडतूस स्प्रिंगखाली अडकून राहू शकते, आणि चेंबर रिकामे दिसत असताना बंदूक भरलेलीच असते. तिथे आतली दांडी पूर्ण बाहेर काढून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, यंत्रणा अनेकदा चालवून पाहावी. त्यानंतर चेंबरमध्ये भडक रंगाची प्लॅस्टिकची पट्टी बसवावी, म्हणजे खोके उघडणाऱ्याला पहिल्या नजरेतच खात्री पटेल.

आता कडक केस. केस चांगलीच, पण ती पुरेशी नाही. केसच्या आकारावरूनच आत काय आहे ते कळते, कड्या टपालाच्या सरकत्या पट्ट्यांत अडकतात, आणि आत बंदूक हलत असेल तर केस कितीही मजबूत असली तरी मार बंदुकीलाच बसतो. लाकडी दस्त्याची रायफल बहुधा मनगटापाशी, म्हणजे ट्रिगरच्या मागे मूठ धरतो त्या निमुळत्या भागात, मोडते. खोके आपटले की नळीचे आणि यंत्रणेचे वजन एकीकडे जाते, दस्ता दुसरीकडे राहतो, आणि लाकडाचा धागा तिथेच फाटतो. दुसरी ठरलेली जागा म्हणजे नळीचे तोंड. खोके उभे आदळले की साध्या पुठ्ठ्यातून ते आरपार येते.

यावर उपाय असा की बोल्ट काढून वेगळा गुंडाळावा आणि खोक्यातच पक्का बांधावा, म्हणजे तो दस्त्यावर आपटत राहणार नाही. दुर्बीण उतरवता आली तर उतरवावी. नाहीतर तिच्या दोन्ही टोकांना व माउंटला, म्हणजे ती जिच्यावर बसवलेली असते त्या बैठकीला, वेगळा फोम द्यावा, आणि पोहोचल्यावर नेम पुन्हा तपासून घ्यावा. धातूवर तेलाचा पातळ हात फिरवून बंदूक प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी, कारण उघडा फोम दमट हवेत पोलादाला गंज आणतो. मनगटाच्या दोन्ही बाजूंना घट्ट आधार द्यावा, तोंडाशी व दस्त्याच्या टोकाशी जाड फोमचे किंवा लाकडाचे ठोकळे बसवावेत, आणि ही केस दुपदरी पुठ्ठ्याच्या साध्या खोक्यात घालावी. चिकटपट्टी लावण्याआधी खोके जोराने हलवावे. आतून थोडाही आवाज आला तर पुन्हा भरावे. मापही आधीच घ्यावे: टपाल खात्याच्या प्रायॉरिटी मेल या सेवेत लांबी आणि घेर मिळून १०८ इंचांची मर्यादा आहे. ५२ इंच लांब, १० इंच रुंद आणि ५ इंच उंच खोक्याचा घेर ३० इंच होतो, म्हणजे बेरीज ८२. ते आरामात बसते.

मौल्यवान किंवा वडिलोपार्जित रायफल असेल तर मी रजिस्टर्ड टपालच सुचवीन. ते सावकाश जाते, पण प्रत्येक टप्प्यावर सही होऊन कुलपात राहते, आणि साध्या विम्याची मर्यादा ५,००० डॉलर असताना इथे ती ५०,००० पर्यंत जाते. त्यासाठी खोक्याचे सांधे कागदी पट्टीने बंद करावे लागतात, कारण शिक्क्याची शाई प्लॅस्टिकवर टिकत नाही. बंद करण्यापूर्वी अनुक्रमांकासह छायाचित्रे काढून ठेवावीत.

राहिला एक प्रश्न, जो तो मजकूर वाचून मला काहींनी विचारला: हीच रीत वापरून भारतातील नेमबाज नातेवाइकाला रायफल पाठवता येईल का? येणार नाही. वर सांगितलेले सगळे अमेरिकेच्या हद्दीपुरते आहे. बंदुकीच्या निर्यातीवर अमेरिकन सरकारचे नियंत्रण आहे, आणि भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार आयात, ताबा आणि ने-आण या तिन्हींवर परवान्याची बंधने आहेत; ही परवानगी पाठवण्याच्या आधी दोन्ही देशांत हातात असावी लागते, आणि घरगुती पार्सलची खिडकी ही त्याची जागा नव्हे.