खुलासा : ‘स्टेनलेस’ म्हणजे समुद्रकाठीही गंज नाही?

समुद्रकाठच्या स्टेशनचं प्रवेशद्वार नवं करताना ‘स्टेनलेस स्टीलचे कठडे आणि बाकं लावा, कधीच गंजत नाहीत’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. सर्रास वापरलं जाणारं ३०४ प्रतीचं स्टील खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. हवेतलं क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, त्याच्या संरक्षक थराला भेदतं आणि चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटतात. जोडांच्या सांध्यात आणि छपराखाली ते जास्त दिसतात, कारण तिथलं मीठ पावसाने धुऊन जात नाही. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ती अधिक तग धरते. तरी गोड्या पाण्याने धुणं आलंच. ज्या कठड्याच्या आधाराने म्हातारी माणसं उतार चढतात, त्याच्या निविदेत नुसतं ‘स्टेनलेस’ लिहू नका, प्रतही लिहा.