खिडकीतल्या मिरचीचा चुरडा-मुरडा ताकाने जात नाही

"मिरचीची पानं मुडपली म्हणजे पाणी आणि कॅल्शियम कमी पडतंय. रोज पाणी घाला, अंड्याच्या टरफलांची पूड टाका, आंबट ताक फवारा. आठ दिवसांत पानं सरळ होतात." हा मेसेज सध्या घरोघरी फिरतोय आणि तो वाचून लोक वाचण्यासारखी रोपं घालवताहेत. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

आधी पाणी. तहानलेल्या रोपाची पानं लोंबतात आणि पाणी मिळालं की थोड्या वेळात उभी राहतात. दुपारी काचेमागच्या उन्हात मिटलेलं पान संध्याकाळी उघडतं, तोही रोग नव्हे. पण पान सकाळच्या गारव्यातही आकसलेलंच असेल, तर कारण बहुधा दुसरं असतं. अशा वेळी रोज पाणी ओतलं तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि रोप ओल्या मातीतही मान टाकतं. दोन पेरं बोट मातीत घाला. ओल लागली तर पाणी नकोच.

टरफलांचं थोडक्यात सांगतो. कॅल्शियम कमी पडलं तर ते नव्या पानांवर दिसतं, हे खरं आहे. पण टरफलं मातीत विरायला महिनोन्‌महिने लागतात. आठ दिवसांत त्यातून काही मिळत नाही.

आता खरं कारण. शेतकरी ज्याला चुरडा-मुरडा म्हणतात, तो बहुतेक वेळा रस शोषणाऱ्या किडींमुळे होतो आणि पान कुठे वळलंय यावरून कीड ओळखता येते. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी उलटी झाली असेल, देठ लांबट दिसत असेल, तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अतिसूक्ष्म). पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. माझ्या कागदावर पिवळसर, बारीक काडीसारखे ठिपके पळताना दिसले, ते फुलकिडे. मिरचीवरचा कोळी मात्र भिंगाशिवाय दिसत नाही. घरात पाऊस नाही, किडी खाणारे मित्रकीटकही नाहीत, त्यामुळे एकदा शिरलेली कीड वाढतच जाते.

कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. म्हणून फुलकिड्यांचं औषध त्याला बऱ्याचदा लागू पडत नाही. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम चालतं, पण कडक उन्हात नको आणि कडुलिंबाच्या तेलाच्या आगेमागे तर नकोच, पानं करपतात. फुलकिड्यांसाठी लिटरला 5 मिली कडुलिंबाचं तेल, थोडा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून.

ताक फवारण्यामागची कळकळ मला समजते. पण कोळी शेंड्याच्या घडीत दडून बसतो, तिथे ताकाने काही साधत नाही. कुंडीला मात्र वास येतो. आणि पानं बारीक, पिवळी, गुच्छासारखी झाली, रोप खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्यावर औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारची रोपं वाचतील.

राहिला आठ दिवसांचा शब्द. एकदा मुडपलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, किडी मेल्या तरी. त्याच्याकडे बघून औषध बदलत बसू नका. नवा शेंडा बघा. माझ्या रोपाची जुनी पानं आजही वाकडीच आहेत. वरची चार सपाट, हिरवीगार आहेत आणि त्यांच्या बेचक्यात कळी धरली आहे.