हात आखडता घेण्यासाठी अर्धं वचन

"येशूच म्हणाला, गरीब नेहमी तुमच्याजवळ असतील. तेव्हा ख्रिस्ती माणसानं आत्म्याचं बघावं. आर्थिक न्याय हे चर्चमध्ये शिरलेलं मार्क्सचं खूळ. शिवाय काम न करणाऱ्यानं खाऊ नये, असं पौलानंच लिहिलंय." हा मजकूर फिरत फिरत माझ्याकडे तीनदा आला.

वचन खरं आहे, पण अर्धं. मार्कच्या शुभवर्तमानात (14:7) लगेच पुढे येतं की वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचं भलं करू शकता. ऐकणाऱ्या यहुदी शिष्यांना हे शब्द ओळखीचे होते. जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक (15:11) म्हणतं, देशात गरीब राहणारच, म्हणून हात सैल सोड. आणि हा अध्याय सुरू कशानं होतो? दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याच्या आज्ञेनं! जुन्या करारातल्याच 'लेवीय' पुस्तकाचा 25वा अध्याय त्याच्याही पुढे जातो. पन्नासाव्या, योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. म्हणून किंमतही तोवर किती पिकं निघतील त्यावर ठरवायची. कारण जमीन देवाची, माणसं तिथे उपरी. हे प्रत्यक्षात किती पाळलं गेलं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण मालकीची कल्पना स्पष्ट आहे.

आता मार्क्स. त्याचा जन्म 1818चा. कैसरियाचा बिशप बासिल चौथ्या शतकातच सांगत होता की तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे. 325मध्ये निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं व्याज घेणाऱ्या धर्मसेवकांना पदावरून काढायचं ठरवलं. पोप लिओ तेरावे यांनी तर 1891च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात समाजवाद नाकारला, खासगी मालमत्तेची बाजू घेतली आणि तरीही बजावलं की नाइलाजानं कबूल केलेली अपुरी मजुरी हा अन्यायच. दक्षिण अमेरिकेतल्या मुक्तीच्या ईश्वरविज्ञानात, म्हणजे गरिबांच्या मुक्तीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या ख्रिस्ती विचारात, काहींनी मार्क्सवादी विश्लेषण वापरलं, व्हॅटिकननं 1984मध्ये त्यावर इशाराही दिला. म्हणून आधीची अठरा शतकं पुसली जात नाहीत.

राहिला पौल, येशूचा प्रेषित. थेस्सलनीकरांना, म्हणजे थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, तो लिहितो ते काम करायची इच्छा नसलेल्यांबद्दल. काम मिळत नसलेल्यांचं काय, ते मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय 20) येशूनं सांगितलेल्या दाखल्यात आहे. दिवस मावळायला आला तरी बाजारात उभे असलेले मजूर सांगतात, "आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही." द्राक्षमळ्याचा मालक त्यांनाही पूर्ण दिवसाचा दीनार देतो.