परदेशी एमबीबीएसची खरी पात्रता सहा वर्षांनी का तपासायची?

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, अकोला, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या हॉटेलांच्या सभागृहांत ‘परदेशात एमबीबीएस’ या विषयावरची मार्गदर्शन शिबिरे सुरू होतात. डोनेशन नाही, वेगळी प्रवेश परीक्षा नाही, बारावीला पीसीबीत (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) पन्नास टक्के आणि नीट क्वालिफाय असले की काम झाले, असे तिथे सांगितले जाते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि या शिबिरांतून बाहेर पडलेले पालक माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे येत असतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. शिबिरात सांगितलेले ते वाक्य खोटे नसते, आणि नेमके म्हणूनच पालक फसतात. त्या अटी विमानात बसण्यापुरत्या आहेत. परत येऊन भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी करायची असेल तर लागणाऱ्या अटी निराळ्या आहेत, आणि त्यांची पडताळणी आपली यंत्रणा विद्यार्थी पदवी घेऊन परतल्यावर करते. माझा आक्षेप या क्रमाला आहे. ही पडताळणी विद्यार्थी देश सोडण्यापूर्वी व्हायला हवी.

आधी नीटबद्दल. परदेशात जाणाऱ्यांनाही २०१८ पासून नीट उत्तीर्ण होणे सक्तीचे आहे आणि ही सक्ती सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये योग्य ठरवली. मात्र ‘उत्तीर्ण’ म्हणजे किती, हे अनेकांना ठाऊक नसते. ७२० पैकी खुल्या प्रवर्गाची पात्रता रेषा २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७ आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. कारण ती गुणांवर ठरत नाही, पर्सेंटाइलवर, म्हणजे इतर परीक्षार्थींच्या तुलनेतल्या स्थानावर ठरते. २०२५ मध्ये सुमारे १२ लाख ३६ हजार मुले पात्र ठरली आणि देशातल्या एमबीबीएसच्या सरकारी-खासगी मिळून जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे इथे प्रवेश मिळण्याची सुतराम शक्यता नसलेला विद्यार्थीही परदेशासाठी ‘पात्र’ असतो. त्यात चूक काही नाही. गरीब-मध्यमवर्गीय घरातल्या, थोड्या गुणांनी सरकारी जागा हुकलेल्या आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क न परवडणाऱ्या मुलांसाठी हा मार्ग खुला असलाच पाहिजे. पण मग नीट ही गुणवत्तेची चाळणी आहे, या भ्रमातून आपण बाहेर यावे.

खऱ्या अटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीत आहेत आणि त्यानंतर परदेशात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला त्या लागू आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत पूर्ण झालेली हवी. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे. संपूर्ण शिक्षण त्या एकाच संस्थेत व्हायला हवे. थोडे इथे, थोडे तिसऱ्याच देशात, असे चालत नाही. त्या देशाच्या नागरिकाला पदवीनंतर व्यवसायाचा जो परवाना मिळतो, तोच या विद्यार्थ्यालाही मिळण्याची सोय त्या पदवीत हवी. इतके झाल्यावर भारतात परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करायची, आणि हे सगळे दहा वर्षांच्या आत आटोपायचे.

ही नियमावली घेऊन माहितीपत्रके वाचायला बसले की गंमत कळते. मागे एका पालकांनी मुलीचे ऑफर लेटर दाखवले. गुळगुळीत कागद, शिक्का, रेक्टरची सही, कालावधीच्या रकान्यात ‘सहा वर्षे’. मुलीचे वडील त्या आकड्यावर निश्चिंत होते, कारण एजंटाने त्यांना ‘साडेपाच वर्षे पुरतात, इथे तर सहा आहेत’ असे सांगितले होते. खाली बारीक अक्षरांत विभागणी होती : अध्यापन पाच वर्षे, इंटर्नशिप एक वर्ष, आणि त्यापुढे ‘विद्यार्थ्याच्या मायदेशी’. म्हणजे सहावे वर्ष भारतात येऊन करायचे. नियमाला ते चालत नाही, कारण तिथली इंटर्नशिप तिथेच आणि इथली त्याशिवाय वेगळी, असा तो नियम आहे. मी ती ओळ दाखवली तेव्हा ते म्हणाले, “सर, अहो एवढं बारीक कोण वाचतं? युनिव्हर्सिटी एनएमसी अप्रूव्ह्ड आहे म्हणाले ना ते.” यावर काय बोलावे? आयोग कोणत्याही परदेशी विद्यापीठाला ‘अप्रूव्ह’ करत नाही, तशी यादीही ठेवत नाही, आणि हे त्याने स्वतः वेळोवेळी जाहीर केलेले आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक निर्देशिकेत महाविद्यालयाचे नाव असणे ही मान्यता नव्हे, हेही पालकांना कुणी सांगत नाही.

अशीच गत इतरत्रही दिसते. फिलिपिन्समध्ये वैद्यकीय पदवीचा मूळ अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा आहे आणि त्याआधीच्या बीएस या विज्ञान पदवीचा काळ आयोग त्यात धरत नाही. कॅरिबियन बेटांवरच्या काही महाविद्यालयांत पहिली वर्षे बेटावर आणि रुग्णालयातले प्रशिक्षण अमेरिकेत असते. अमेरिकेत स्थायिक व्हायचे असेल तर ती व्यवस्था उत्तम असेलही, पण भारतातल्या नोंदणीच्या नियमात ती बसत नाही.

सगळे जग असेच दार सताड उघडे ठेवून बसलेले नाही. इंग्लंडमध्ये वैद्यकीय अर्जाची मुदत इतर बहुतेक विषयांच्या कितीतरी आधी, १५ ऑक्टोबरला संपते. यूकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत असते, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण साडेसात टक्केच जागा असतात. जर्मनीत आपली बारावी बहुतेकांना थेट प्रवेशास पुरत नाही. आधी ‘श्टुडिएनकोलेग’मधला वैद्यकीय शाखेसाठीचा वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग आणि त्याची परीक्षा, जर्मन भाषा साधारण सी-वन या प्रगत पातळीपर्यंत, आणि त्यानंतर युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी असलेल्या मोजक्या जागांसाठी स्पर्धा. त्या बदल्यात बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाममात्र असते किंवा नसतेच.

आता पुण्यात राहून जर्मन शिकलेली, मग तिकडे जाऊन ही सगळी शर्यत जिंकलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचे वैद्यकीय शिक्षण जर्मनमधून होणार. आपल्या २०२१ च्या नियमाप्रमाणे माध्यम इंग्रजी नसल्याने भारतात नोंदणीच्या वाटेवर ती अडखळणार. आणि ७२० पैकी दीडशे गुणांवर कुठल्यातरी इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात पैसे भरून गेलेला मुलगा मात्र कागदावर बिनचूक ठरणार. इंग्रजीची अट घालण्यामागचा हेतू मला समजतो. इथली परीक्षा इंग्रजीत आहे, पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि पूर्वी दोन वर्षे इंग्रजी व पुढे स्थानिक भाषा अशी खिचडी शिकून आलेल्यांचे हाल झालेले आहेत. तरीही माध्यम पाहून शिक्षणाचा दर्जा ठरवणे मला पटत नाही.

शिवाय वर्ग इंग्रजीत भरला तरी रुग्ण इंग्रजीत बोलत नाही. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या रुग्णालयातली म्हातारी पोटात कुठे, कसे आणि कधीपासून दुखते ते जॉर्जियन भाषेतच सांगणार. किरगिझस्तानातल्या बिश्केकमध्ये किरगीझ नाहीतर रशियन. ती भाषा न शिकलेला विद्यार्थी राउंडला मागच्या रांगेत उभा राहतो, स्थानिक विद्यार्थ्याने रुग्णाला विचारून घेतलेली आजाराची हिस्टरी ऐकतो आणि डायरीत उतरवतो. प्रत्यक्ष हाताने केलेले प्रशिक्षण हवे, असे आपला नियम म्हणतो. पण स्थानिक भाषेशिवाय ते होणार कसे, याबद्दल पालकांशी कोणी बोलत नाही. कुठल्याही शिबिरात, ‘मुलाला रशियन किती शिकवणार आणि कोण शिकवणार?’ असा प्रश्न विचारून पाहा.

परतल्यावरची एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता परीक्षा, २००२ पासून आहे. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५०, वर्षातून दोनदा. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल २९ टक्क्यांच्या आसपास लागला, तर जून २०२५ मध्ये १९ टक्क्यांच्याही आत. हे आकडे आले की ‘बाहेर शिकलेली मुले कच्ची’ असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. मी त्या मुलांना अकरावी-बारावीत शिकवलेले आहे. त्यांतली सगळी कच्ची नव्हती. युक्रेनचे युद्ध आणि चीनच्या बंद सीमा यांनी ज्यांची वर्षे खाल्ली, त्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. पण आत जाताना कुणालाच अडवायचे नाही आणि बाहेर येताना बहुतेकांना अडवायचे, ही व्यवस्था घरे आणि जमिनी गहाण ठेवून पैसे उभे करणाऱ्या पालकांवर अन्याय करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयोग यादी का करत नाही, याचीही बाजू आहे. परदेशी विद्यापीठांवर त्याचा अधिकार चालत नाही, अभ्यासक्रम दरवर्षी बदलतात, आणि आज यादीत घातलेले नाव उद्या गैरलागू ठरले तर न्यायालयात उत्तर आयोगालाच द्यावे लागेल. ठीक आहे, यादी नको. पण पूर्वी परदेशी जाणाऱ्याला पात्रता प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागत असे; आता नीटचा निकालच त्या जागी धरला जातो. ते प्रमाणपत्र पुन्हा सुरू करावे आणि या खेपेस ते विद्यार्थ्यापुरते न ठेवता त्याने निवडलेल्या अभ्यासक्रमाशी जोडावे. विद्यार्थ्याने ऑफर लेटर आणि विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम सादर करावा. महिने, इंटर्नशिपचे ठिकाण, माध्यम आणि परवान्याची तरतूद या चार गोष्टी तपासून आयोगाने ठराविक मुदतीत ‘नियमात बसतो’ किंवा ‘बसत नाही’ असे लेखी कळवावे, आणि त्या तारखेला दिलेले उत्तर त्या विद्यार्थ्यापुरते पुढेही बंधनकारक राहावे. शुल्क घ्या हवे तर. पालक एजंटाला लाखभर रुपये देतात, ते आयोगालाही देतील.

तोवर पालकांनी एवढे तरी करावे, की या चार गोष्टींची उत्तरे एजंटाकडून न घेता थेट विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून लेखी मागवावीत, आणि ती हाती येईपर्यंत पहिल्या हप्त्याचा एक रुपयाही भरू नये. उद्या शेवटची तारीख आहे, सीट जाईल, असे कुणी म्हणाले तर जाऊ द्यावी.