तो आकडा मोजलेला नाही

२०११ च्या जपानमधल्या तोहोकू भूकंपाने दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) लहान झाला, हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून कुणी तो फरक घड्याळात दिसला असं समजू नये. नासाचे रिचर्ड ग्रॉस यांनी तो गणिती प्रारूपावरून काढला होता. भूकंपाने वस्तुमान अक्षाजवळ किंचित सरकलं की पृथ्वी जरा वेगाने फिरते. पण दिवसाची लांबी मोजण्याची अचूकता तेव्हा साधारण २० मायक्रोसेकंदांची होती! शिवाय ऋतूंनुसार वारेच दिवसाची लांबी सुमारे एका मिलिसेकंदाने, म्हणजे हजार मायक्रोसेकंदांनी, कमीजास्त करतात. त्यातून भूकंपाचा वाटा वेगळा काढणार कसा? लीप सेकंदाचा, म्हणजे घड्याळाचा पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला घातलेल्या जादा सेकंदाचा, संबंध लेखात भूकंपाशी जोडणं तर मला अजिबात पटलं नाही. १९७२ पासून घातलेल्या २७ लीप सेकंदांमागे मुख्यतः भरती-ओहोटीच्या घर्षणाने मंदावलेलं परिवलन आहे. कृपया तो परिच्छेद दुरुस्त करा, विद्यार्थीही हे वाचतात.